आबांनी बसवलेली मेंढरं

पेटीजवळ येताना आबा टॉवेलचं टोक तोंडावर धरायचे आणि त्या टॉवेलमधूनच विचारायचे, "झाकलं का?"

पेटीशेजारी श्वास सोडला की माप बिघडतं, असं आमच्या आधीच्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आम्ही मोजत होतो त्या वायूला श्वासाने काही होत नाही, हे मी एकदा समजावलं. ते म्हणाले, "असू द्या. तंबाखूचा वास हाय माझ्या तोंडाला." टॉवेल तसाच राहिला.

मातीतून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू निघतो. तो दिसत नाही, पण हवेत साचून राहतो आणि पृथ्वी तापवतो. युरिया टाकलेल्या शेतातून जास्त निघतो, मोकळ्या जमिनीतूनही थोडा निघतोच. माणसाचा वाटा किती आणि निसर्गाचा किती, हे वेगळं काढायला जगभर ठिकठिकाणी मापं घेतात. आमच्याकडे माणसाच्या बाजूला दौंडमधली राहू आणि खुटबावची उसाची शेतं होती. निसर्गाच्या बाजूला शिरूरमधल्या कवठे येमाईचा एकच माळ होता. तो आबांचा.

काम तसं साधं. जमिनीत लोखंडी चौकटी रुतवलेल्या असतात. त्यांवर पेटी झाकायची, थोड्या थोड्या वेळाने सिरींजने आतली हवा ओढायची आणि काचेच्या कुपीत भरायची. मधला वेळ नुसतं बसायचं. मला गप्प बसणं जमतं, आबांना जमायचं नाही. त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंच काही मला न विचारता कळलं.

पूर्वी त्यांची मेंढरं होती. ती विकून विहीर झाली, मग कांदा आला, मग ऊस. होता होता सगळी जमीन भिजली, एवढा माळ कोरडा राहिला. थोरल्या मुलाला तिथेही ऊस लावायचा होता; त्याची पाइपलाइन बांधापर्यंत येऊन थांबली होती. बापलेकांचं पुष्कळ वाजलं आणि शेवटी ठरलं, की आमचं माप चालू आहे तोवर माळाला हात लावायचा नाही. माप संपलं की जेसीबी.

थोरला दुधाचे कॅन घेऊन जाताना मोटारसायकल थांबवायचा. "काय म्याडम, कवा उरकतंय तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आत आबा सांगायचे, "आत्ता कुठं सुरू झालंय." दुसऱ्या वर्षीही ते हेच सांगत होते, आणि माझ्याकडे बघत नव्हते.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखादी गोष्ट आवडली की तिच्यासाठी काय करू आणि काय नको, असं त्यांना होतं.

त्या दिवशी सकाळी मी पोचले तर कुंपणाचं फाटक उघडं होतं. माळभर लेंड्या पडलेल्या. माती खुरांनी तुडवलेली, जागोजाग ओली, चौकटींच्या आतसुद्धा. वास नाकात भरत होता. आबा मधोमध उभे होते आणि हसत होते. टॉवेल खांद्यावर.

त्यांचा पुतण्या अजून मेंढरं राखतो. कोकणातून परतताना तो गावात आला, तशी आबांनी त्याची सगळी मेंढरं रात्रभर इथे बसवून घेतली होती. खतासाठी शेतात अशी मेंढरं बसवतात, हे मला नंतर समजलं. लोक त्यासाठी मेंढपाळाच्या मागे लागतात.

"बगा कसं खत पडलंय," आबा म्हणाले. "आता तुमचं माप झ्याक भरंल."

मला सांगावंच लागलं. मेंढरांच्या मुतातून तोच वायू निघतो, आणि भरपूर निघतो. आता येईल ते माप खोटं नसेल, पण ते एकट्या जमिनीचंही नसेल.

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं.

"मग ह्यो माळ तुमच्या कामाचा न्हाई?"

मी पेटी झाकली. सिरींज जोडली. आबा समोर उकिडवे बसले. पहिली कुपी भरली, दुसरी भरली. मग त्यांनी विचारलं, "तुमी न्हाई सांगितलं, तर सायबाला कळंल?"

इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी कुपीवर नंबर लिहीत राहिले. रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. थोरला फाटकापर्यंत आला, लेंड्या बघून जागीच थांबला. त्याने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नेहमीचा प्रश्न त्याने विचारला नाही.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "लाव फोन, पोरी. म्या बोलतो."

प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांना मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आबा फोनवर वाकून मोठ्याने म्हणाले, "सायेब, मेंढरं म्या बसवली. म्याडमची काय चूक न्हाई." मग आबांनीच विचारलं, जमीन पुन्हा पहिल्यासारखी कधी होईल. सर म्हणाले, होईल, पण तोवर आमचा प्रकल्प संपलेला असेल. दुसरी जागा बघावी लागेल.

थोरल्याने हे सगळं ऐकलं. रस्त्यावरची गाडी ढकलत लांब नेली आणि मग सुरू केली.

काही आठवड्यांनी चौकटी काढायला मी गेले तेव्हा जेसीबी बांधावर उभाच होता. आबा दिसेनात. थोरला म्हणाला, "पुतण्यासंगं गेलेत, मेंढरांमागं. आईनं लय अडवलं."

"कधी येणार?"

"बोलले न्हाईत."

मधे पावसाची एक सर पडून गेली होती. खत लागलं होतं. त्या माळावर इतकं हिरवं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या चौकटीला मुळांनी धरून ठेवलं होतं, मला एकटीला निघेना. थोरला खाली बसला, आम्ही दोघांनी मिळून ती उपसली. तो उठला तेव्हा हातात गवत होतं. ते त्याने टाकलं नाही.

जेसीबीवाल्याने इंजिन सुरू केलं आणि इशाऱ्याची वाट बघत राहिला. थोरल्याने हात वर करायला बराच वेळ लावला.