स्वाझिगच्या उड्या

आमच्या त्रेबूल बंदराच्या धक्क्यावर एप्रिलमध्ये कुणी कपड्यांसकट पाण्यात पडलं, की लोक दोरी घेऊन धावतात. स्वाझिगसाठी मात्र कुणी धावायचं नाही, कारण तिनेच तंबी दिली होती. "हात लावाल तर याद राखा," म्हणायची आणि बहात्तर वर्षांची ही बाई विकाऊ बोटीवरून सरळ खाली उडी टाकायची. मी धक्क्यालगत शिडं शिवते. खिडकीतून सगळं दिसतं, त्यामुळे त्या दिवसांत माझ्या कामाचा पार बोऱ्या वाजला.

तिचा नवरा पेर गेल्याला दोन हिवाळे झाले होते. दोघांची बोट लाकडी, दोन डोलकाठ्यांची, एकटीला आवरण्यातली नव्हती. स्वाझिगने ती विकली, पोटभर रडली आणि लगेच आपल्या बेताची दुसरी बोट शोधायला लागली. मला त्यात नवल वाटलं नाही. माझा भाऊ बुडाला तेव्हा मी पाण्याकडे पाठ करून बसायची. या नवराबायकोने मला दर रविवारी बोटीवर ओढून नेऊन ती भीती घालवली. ती दोघं नसती, तर आज मी कुठेतरी दूर पडदे शिवत बसले असते.

मुलगा गुल्वेन रेन शहरात असतो. त्याला आईचा बेत कळला आणि तो तणतणत आला.

"आई, एकटी जाणार आणि पाण्यात पडलीस तर? वर कोण काढणार तुला?"

"माझी मी येईन."

"येशील? मग दाखव येऊन! बोट घेण्याआधी तिच्यावर पाण्यातून आपली आपण चढून दाखव. जमलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर मुकाट्याने आमच्याकडे राहायला यायचं."

"दिला शब्द," स्वाझिग म्हणाली. ती शब्द मोडणारी नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

दलाल तांगीने आधी दाखवली ती अगदी अलीकडची, बारा मीटर लांब, सुकाणूची दोन चाकं असलेली. बटण दाबलं की पिछाडीचा दरवाजा ओट्यासारखा पाण्यावर उतरायचा. स्वाझिग उडी मारून आरामात त्यावर चढून आली. तांगीची कळी खुलली.

"बघा मॅडम, कसं सोपं!"

"सोपं आहे रे. पण मी पाण्यात असताना बटण कोण दाबणार, तुझी सासू?"

मग ती निथळत आत गेली, त्या ऐसपैस खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. हात कशालाच लागेनात.

"मोठी लाट आली की मी इथून उडणार आणि तिथे आपटणार."

"तिथे सोफा आहे, मॅडम. मऊ आहे."

"मग तू आपट."

दुसरी सत्तरच्या दशकातली, आठ मीटरची, अरुंद, तळाला लांब कणा असलेली. हिच्यावर स्वाझिगचा जीव जडला. आत कुठेही तोल गेला तरी हाताला धरायला काहीतरी होतंच. पण पिछाडी निमुळती, वर उचललेली, शिडी लावायला जागाच नाही. स्वाझिग पुन्हा पुन्हा लोंबकळली, नखं मोडली, शेवटी पोहत धक्क्याच्या पायऱ्यांकडे गेली. जाताना बोटीला थोपटून म्हणाली, "तरुणपणी भेटायला हवी होतीस गं."

तिसरी ऐंशीच्या दशकाच्या अखेरची, दहा मीटरची. दिसायला साबणाच्या वडीसारखी, पण शीड स्वाझिगला झेपलं, सुकाणू हलकं लागलं, नांगरही तिने हाताने वर घेतला. मागे दुमडलेली शिडी होती आणि ती खाली ओढायला एक दोरी लोंबत होती. तांगीकडची ही शेवटची बोट, म्हणून गुल्वेन स्वतः आला. हातात लोण्याच्या केकचा डबा, म्हणजे हरलेल्या आईची समजूत काढायची तयारी.

तिने उडी मारली. दोरीसाठी हात टाकला, पोचला नाही. पुन्हा टाकला. पाणी बर्फासारखं, तिचे ओठ निळे पडायला लागले.

"बस, आई. हात दे."

तिने हात दिला. इतक्या वर्षांत मी तिला कुणाला असा हात देताना पाहिलं नव्हतं. 

गुल्वेनने तिला वर घेऊन घोंगडीत गुंडाळलं. "आमच्याकडे तुझ्या खोलीत ऊन छान येतं गं," तो हळूच म्हणाला.

"शब्द दिलाय ना? येते," ती म्हणाली. डब्याकडे तिने पाहिलंही नाही.

माझं डोकं फिरलं, मी धक्क्यावर धावले. "अरे शहाण्या, म्हातारी झाली म्हणून हात पोचला नाही होय? तू पोचतोस का बघ!"

"मी? एका हाताने पोचेन, मोना." त्याने बूट काढले आणि उडी मारली.

पाण्यात तरंगणारा उंच माणूसही गळ्यापर्यंतच वर. त्याने एक हात टाकला, मग दुसरा, मग तोंडभर पाणी गिळलं. दोरी तशीच वर लोंबत राहिली. धक्क्यावरचे लोक खोखो हसले.  तो मात्र पाण्यातूनच वर आईकडे बघत राहिला.

"मोना, दोरी दे. लांब."

"केवढी?"

"आईचा हात पोचेल एवढी."

मी दुकानातली सगळ्यात चांगली दोरी आणली. तांगीने शिडी खाली सोडली, गुल्वेन वर आला, शिडीला दोरी बांधली, शिडी दुमडून पुन्हा पाण्यात उतरला. कोपर वाकवून, हात आईएवढा आखूड करून त्याने ओढून बघितलं, मग टोकाला एक जाड गाठ मारली, तिच्या गारठलेल्या बोटांसाठी.

घोंगडी टाकून स्वाझिगने उडी मारली. गाठ हातात आली, शिडी खडखडत उतरली आणि ती एकेक पायरी चढत वर आली. कुणी हात लावला नाही. वर येऊन तिने मुलाला ओल्या अंगानेच मिठी मारली. "उपकार झाले रे बाबा," ती म्हणाली. मग दोघांनी मिळून केक संपवला. मला तुकडाभर ठेवला.

गुल्वेनने पुन्हा तोंड उघडलं नाही. पण दर वसंतात, आई समुद्रावर निघायच्या आधी, तो रेनहून येतो आणि कपड्यांसकट उडी मारून ती दोरी ओढून बघतो. मी खिडकीतून बघत असते. शिडी खडखडत उतरली, की पुन्हा शिवायला बसते.