एकदाच विचारलेले प्रश्न

नव्या जालन्यात एका बियाणे कंपनीत मी काम करते. तिथे एक उबदार खोली आहे. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून ती त्या खोलीत उभी ठेवायची, ठरल्या दिवशी उलगडून मोड मोजायचे, हे माझं काम. आत शिरलं की बाहेरच्या रिक्षा, मोटारसायकली दूर कुठेतरी राहतात. ओल्या कागदाचा आणि कोवळ्या मोडांचा वास येतो. कित्येक दुपारी मला वाटलंय, या बिया झोपल्यात आणि मी त्यांच्या उशाशी बसलेय. मग भानावर येते आणि आकडा लिहिते.

मुगात काही बिया अशा निघतात की त्या पाणीच पीत नाहीत. उगवलेल्या नसतात, मेलेल्याही नसतात. त्यांना आमच्या तक्त्यात वेगळा रकाना आहे. नवीन मुली कामाला आल्या की मीच त्यांना बजावते, हा आकडा या खोलीतला, या उबेतला. रानात गेल्यावर बी काय करील ते रान आणि बी बघून घेईल.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझी मुलगी दुसरीत असताना शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मुलगी वर्गात बोलत नाही, गणितात फार मागे आहे, तिची बुद्धीची चाचणी करून आणा म्हणाल्या. आकडा फारच कमी आला तर तिला वेगळ्या शाळेत घालावं लागेल. ती शाळा परगावी होती, मुलींना तिथंच राहावं लागे. सात वर्षांचं लेकरू, अजून माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचं.

चाचणी घेणाऱ्या बाई भल्या होत्या. मुलगी हात सोडीना म्हणून त्यांनी मला कोपऱ्यात बसू दिलं, पण मी बोलायचं नाही या अटीवर. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि त्या उन्हात लाल-पांढरे ठोकळे मांडले होते. मला ती सकाळ अजून पाण्याखाली असल्यासारखी दिसते, सगळं हळू, आवाज लांबून येणारे.

"हे ठोकळे या चित्रासारखे लावशील?"

"न्हाई."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि पुढचं चित्र समोर ठेवलं.

"हे येईल तुला?"

"न्हाई."

प्रत्येक प्रश्न त्या एकदाच विचारत. मुलगी मान खाली घालून, अगदी गोड आवाजात न्हाई म्हणत होती. शेवटी शेवटी मला तिचा रागच आला. नंतर त्या रागाची लाज वाटली.

आकडा सत्तरच्या खाली आला. मी तो पर्समध्ये घालून घरी आणला आणि त्यावर देवाच्या अंगाऱ्यासारखा विश्वास ठेवला. माझं माझ्या मुलीशी वागणं बदललं, आणि मला ते कळलंही नाही. भाकरी वाढू का, गोष्ट सांगू का, माझ्यासोबत गच्चीवर येतेस का, असं विचारायचे, ती न्हाई म्हणायची आणि मी निघून जायचे. वाटायचं, बिचारीला कशाला त्रास द्या. कामावर गुंडाळ्या उलगडताना माझे डोळे भरून यायचे.

आठ दिवस असे गेले. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते.

"आई, तू आता मला एकदाच का इचारून राह्यली?"

"म्हंजे?"

"भाकर पाहिजे का म्हून एकदाच इचारती. मंग मी उपाशीच राहती."

माझा हात वेणीतच थांबला. दर सुट्टीत आम्ही तीर्थपुरीला माझ्या माहेरी जातो. तिथे दहा घरी जाणं होतं, आणि घरोघरी लाडू, पोहे पुढे येतात. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी पोर हावरी दिसते. आधी न्हाई म्हणायचं, दुसऱ्यांदा न्हाई म्हणायचं, समोरच्यानं तिसऱ्यांदा आग्रह केला की मग हात पुढे करायचा. हे तिला मीच शिकवलं होतं, चांगले चिमटे काढून.

"त्या ठोकळ्याच्या बाईला पण तू तसंच न्हाई म्हणली का?"

"त्यांनी परत इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "मला लावायचे होते."

मी त्या बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पुन्हा पुन्हा विचारता येत नाही. सगळ्या मुलांना सारखंच विचारलं तरच आकड्याला अर्थ राहतो."

"आता काय अर्थ राहिला?" मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. मुलांना प्रश्न आठवतात, म्हणून लगेच दुसरी चाचणी घेता येत नाही म्हणाल्या. पण आकड्याशेजारी त्यांनी आपल्या हातानं लिहिलं की मुलगी परक्या जागी पहिल्यांदा नकारच देते, हा आकडा तिच्या बुद्धीचं माप धरू नये, वर्षानं पुन्हा बघावं.

माझी मुलगी छुपी हुशार निघाली, असं काही मी सांगणार नाही. हातच्याची वजाबाकी तिला आजही घाम फोडते. पण तो कागद तिच्या नकारांबद्दल होता, तिच्याबद्दल त्यात फार थोडं होतं.

शाळेत मोठ्या बाईंनी तो कागद वाचला, तरी आकड्यावरच बोट ठेवलं, आणि मुलीला जवळ बोलावलं.

"तुला याच शाळेत राहायचंय का गं?"

"न्हाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "परत विचारा," मी म्हटलं.

"राहायचंय का इथं?"

"न्हाई." या वेळी आवाज बारीक होता आणि डोळे बाईंच्या तोंडाकडे लागले होते.

बाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "अगं, रहा की इथंच. राहशील ना?"

"हो," ती म्हणाली. "इथंच राह्यचं."

बाईंनी कागद कपाटात ठेवून दिला. मी तिथं उभी राहून रडले, कारण परक्या बाईनं तिला तिसऱ्यांदा विचारलं होतं आणि मी, तिची आई, आठ दिवस पहिल्या न्हाईवरच थांबले होते.