मृत्यूचा रकाना

आमच्या दवाखान्यात कुणी मरत नसे. हे मी थट्टेनं सांगत नाही. दर महिन्याच्या अहवालात मी स्वतःच्या हातानं तसं लिहीत होते, आणि खाली डॉक्टरांची सही होत होती.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांवरचं उस्मानाबाद पुसून नवं नाव रंगवायचं काम चालू होतं आणि पेंटर लोकांना उसंत नव्हती. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहून गेल्यासारखा इकडे फिरकला नव्हता, आणि तिकडेही नव्हताच म्हणे. लातुरात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेला ट्रस्टचा दवाखाना होता. मी मूळची निलंग्याकडची. नर्सिंग करून तिथं लागले, आणि अक्षर चांगलं म्हणून महिन्याचा अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अक्षर चांगलं असल्याचा मला आयुष्यात दुसरा काही उपयोग झाला नाही.

ट्रस्टच्या अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची धान्याची अडत होती. अमावस्येला मोंढा बंद, म्हणून आमची बैठक अमावस्येला. सकाळी पूजा उरकून, कपाळावर विभूतीचे पट्टे, असे ते यायचे आणि व्हरांड्यात उभं राहून अहवाल वाचायचे. गेल्या महिन्यात दवाखान्यानं काय केलं, पुढच्या महिन्यात कशाला आधी हात घालायचा, सगळं. आम्ही सतरंजीवर बसून ऐकायचो. बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, बाळंतपणं, घरी सोडले असं करत ते शेवटच्या ओळीवर आले की वाचायचा वेग कमी व्हायचा. ‘मृत्यू, निरंक.’ मग चष्म्यावरून आमच्याकडे बघायचे. माणूस मनानं चांगला होता. त्यांना ते खरंच वाटायचं.

हे निरंक कसं व्हायचं ते सांगते. आमच्याकडे येणारी माणसं एसटीनं यायची, आणि एसटीत प्रेत घेत नाहीत. जीप करायची ऐपत शंभरात एखाद्याची. त्यामुळे माणूस जाणार हे कळलं की जीव आहे तोवर त्याला गाडीत घालायचं, म्हणजे शेवटचा श्वास घरात जातो आणि माती आपल्या वावरात होते. ही वेळ ओळखायचं काम आमच्या वॉर्डातल्या आयाबाई, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, त्या करायच्या. पांघरूण सारखं केल्यासारखं करून त्या रोग्याच्या पायांना हात लावून ते गार पडलेत का बघायच्या. मग नातेवाइकाला बाजूला घेऊन हळूच सांगायच्या, “भालकीची गाडी दोनला हाय. न्यायचं आसंल तर आताच न्या.” नातेवाईक माझ्याकडे येऊन ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे’ या कागदावर अंगठा द्यायचा. मी रोग्याला ‘घरी सोडले’ या रकान्यात घालायची. बरे होऊन गेलेलेही त्याच रकान्यात. माझ्या आधीच्या सिस्टरनं तसं शिकवलं होतं आणि मी कधी प्रश्न विचारला नाही. त्यात माया होती, हे मी आजही म्हणेन. मावशींनी किती जणांना ज्याच्या त्याच्या घरी मरण मिळवून दिलं त्याला गणती नाही.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. लोक नदीच्या वाळूत झिरे खणून गढूळ पाणी प्यायला लागले, आणि आमचा वॉर्ड हगवण-उलट्यांनी भरला. मोठी माणसं कशीबशी निभवायची, लेकरं नाही. दवाखान्याच्या विहिरीत तळाचा दगड दिसत होता. चार दिवसांनी एक टँकर यायचा, त्यातलं अर्धं पाणी आमच्या टाकीत. एका बादलीत आम्ही हात धुवायचो, त्याच बादलीत घाण झालेली लुगडी बुचकळायची. पाय मोडला म्हणून आलेलं पोर तिसऱ्या दिवशी हगवणीनं पडायचं. सरळच सांगते, पाण्यावाचून आम्हीच रोग वाटत होतो. एक जास्तीचा टँकर एवढंच त्या वॉर्डाला पाहिजे होतं. औषधं होती, डॉक्टर होते, पाणी नव्हतं.

आप्पा अर्ज घेऊन नव्या कलेक्टर कचेरीत गेले. पुढच्या अमावस्येला त्यांनी अहवाल वाचला आणि मग म्हणाले, “साहेबांनी आपला तक्ता बघितला. लई खूश झाले. टँकर कमी हायेत, म्हनले, जिथं हगवणीनं मृत्यूची नोंद हाय तिथं आधी. तुमच्याकडं तर एक बी न्हाई.” आमच्यातल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा थोडं हसले. मग कागदाची घडी घालून खुर्चीत बसले. मला त्या घडीतून माझं अक्षर दिसत होतं.

बैठक झाल्यावर मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं, गाड्यांच्या वेळांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टर बाजूलाच होते, ते म्हणाले, “घरी जाऊन मेलेला माणूस आपल्याला धरता येत नाही. तो त्याच्या गावच्या नोंदीत जातो. इथं गेला तरच इथला.” आप्पा माझ्याकडे बघत म्हणाले, “मागचं आता काय उकरता बाई. इथून पुढं जे व्हईल ते खरं ल्याहा.” मी संतापानं वॉर्डात परतले. खरं लिहायचं म्हणजे काय करायचं, हे त्या दोघांनी माझ्यावर सोडलं होतं.

त्याच आठवड्यात निलंग्याच्या कडेच्या वस्तीतला एक बाप पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आला. घरी तान्हं लेकरू, म्हणून आई आली नव्हती. मुलीचे कान नुकतेच टोचलेले होते, त्यात कडुलिंबाच्या काड्या. दोन दिवस सलाईन लावलं, पण ती सुकतच गेली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. दुपारी मावशींनी पायांना हात लावला आणि बापाला चारच्या निलंगा गाडीचं सांगितलं. तो माझ्याकडे आला. “ताई, नेतो म्हनतो लेकराला. कुठं अंगठा द्यायचा?”

शाईचा पॅड माझ्या खणात होता. मी खण उघडला नाही. मी म्हणाले, “थांबा दादा. सुधारतेय ती. उद्या बघू.”

त्याचा चेहरा असा काही उजळला की मी नजर वळवली. “खरंच का ताई?”

“हाव,” मी म्हणाले. दवाखान्यात मी कधी घरच्यासारखं बोलत नसे. त्या दिवशी बोलले, कारण तो माझ्या भागातला होता आणि हाव म्हटलं की विश्वास ठेवणार हे मला ठाऊक होतं.

त्याला इतका आनंद झाला की तो धावत स्टँडवर गेला आणि चारच्या गाडीनं जाणाऱ्या कुणा ओळखीच्याजवळ घरी निरोप धाडला, पोरीला बरं वाटतंय, उद्या घेऊन येतो. हे त्यानंच परत येऊन मला सांगितलं. मावशी हातात मग घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “शिस्टर, गाडी जाईल.”

“जाऊ द्या,” मी म्हणाले. मावशी मला पुरतं ओळखून होत्या. त्या आत गेल्या.

मी हे पाण्यासाठी केलं. बाकीच्या वीस-बावीस लेकरांसाठी केलं. हे सगळं मी स्वतःला त्या दुपारी सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण त्यात रागही होता, तोही सांगायला पाहिजे. त्या स्वच्छ रकान्याचा मला वीट आला होता आणि तो मला एकदा घाण करायचा होता. त्यासाठी त्या बापाला फसवायचं मला जमलं. इतकं सहज जमलं की आजही स्वतःची भीती वाटते.

दिवेलागणीच्या आधी ती गेली. मी घड्याळात बघून वेळ लिहिली, डॉक्टरांनी सही केली. बाप आधी रडला नाही. म्हणाला, “तुमी तर सुधारतेय म्हनला हुता.” मी म्हणाले, “होतं असं कधी कधी.” आयुष्यात मी पुष्कळ मूर्खासारखं बोलले आहे, पण त्या वाक्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

जीप मिळेना. गावातल्या सगळ्या जीपा दुष्काळी कामांवरच्या साहेबांना फिरवत होत्या. मग सकाळ व्हायच्या सुमारास मावशींनीच मुलीला स्वच्छ झगा घातला, केस विंचरले, गोधडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि बापाला म्हणाल्या, “चला. झोपल्यावानी नेऊ.” पहिल्या निलंगा गाडीनं त्या निघाल्या. रजा मागितली नाही आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी हजेरीपत्रकात त्यांची हजेरी लावली.

अमावस्येला आप्पा वाचत वाचत शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले. “मृत्यू, एक,” म्हणाले. “कारण, हगवण.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो कागद कचेरीत गेला आणि आठ दिवसांच्या आत दवाखान्याला एकाआड एक दिवस टँकर सुरू झाला.

पाणी आलं आणि वॉर्ड बदलला, हे मी डोळ्यांनी बघितलं. बादल्या वेगळ्या झाल्या, फरशी धुता यायला लागली, पोरांच्या आया पाणी उकळून पाजायला लागल्या. लेकरं उठून बसायची. एक आजी नातवाला घरी नेताना माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी ओरडून तिला बाजूला केलं. बिचारी घाबरली. तिला काय माहीत.

मावशी निलंग्याहून परतल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. एक दिवस टँकर उभा होता आणि पाइपाखाली आमच्या दोघींच्या बादल्या पाठोपाठ होत्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, “मावशी, त्या दिवशी गाडीत काही त्रास झाला का?”

त्या बादलीकडे बघत म्हणाल्या, “न्हाई झाला. बापाला खिडकीला बसवलं, तो भायेरच बघत होता. मी तिच्याशी बोलत गेले. कंडक्टर जवळ आला की म्हनायची, झोप माय, निलंगा आलं की पाणी पाजते.”

बादली निम्मी झाली होती.

“तिची माय स्टँडवर आलती,” मावशी म्हणाल्या. “काखंत तान्हं. बरं वाटतंय म्हनून निरोप गेल्ता ना तिला. मी उतरले, तर हात पुढं करून म्हनली, झोपलीय का?”

“मग?”

“मी हाव म्हनलं. साऱ्या वाटंनं तेच म्हनत आल्ते, तोंडातून गेलं. तिनं घेतली वढून.”

त्यांची बादली भरली. ती उचलून त्या वॉर्डात गेल्या. मागून ड्रायव्हर म्हणाला, “सिस्टर, पाणी वाया चाललंय.” मी माझी बादली पाइपाखाली सरकवली.