मुद्दाम चुकीचं वाचणाऱ्या बाई

एस्तेरबाईंना मी आज पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं.

शवपेटीत.

बाई श्रीरामपूरच्या निवृत्त शिक्षिका. वाचायला अडणाऱ्या मुलांना व्हिडिओ कॉलवर शिकवायच्या. आम्ही सोनईत. वर्षभर रोज संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर असायच्या, पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलमध्ये. भेटू भेटू म्हणता राहूनच गेलं.

आमची वैष्णवी पाचवीत, पण दुसरीचं पुस्तक वाचता येईना. वर्गात पोरं हसायची. रोज सकाळी हिचं पोट दुखायचं. शेवटी शाळाच सुटली.

सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "हिला डोकंच न्हाई."

बाई म्हणाल्या, डिस्लेक्सिया आहे, डोकं एकदम शाबूत आहे. सासूबाईंना पहिला शब्द झेपला नाही. दुसरं ऐकल्यावर मात्र "डोकं न्हाई" म्हणणं सोडलं.

सुरुवातीला पोरगी कॅमेऱ्यासमोर तोंडच उघडेना. मग बाईंनीच वाचायला घेतलं.

"कोंबडीने म्हशीला पंखाखाली घेतलं."

वैष्णवी पुस्तकात बघत हळूच म्हणाली, "बाई, म्हस न्हाई. पिल्लं हायेत."

"चित्र नको सांगू. शब्द कुठंय? बोट ठेव."

तिनं ठेवलं. बरोबर ठेवलं.

माझी तव्यावरची भाकरी करपली. मी रडत होते.

त्यानंतर बाई रोज चुकायच्या. एवढी हुशार बाई, माझ्या लेकीसाठी रोज ढ व्हायची. आणि त्यांना पकडायच्या नादात ही वाचायला लागली.

गेल्या महिन्यात बाई डोक्याला स्कार्फ बांधून बसल्या होत्या. आजारी आहेत हे त्यांनी आम्हाला कळू दिलं नव्हतं. वाचताना ओळ सुटली. परत त्याच ओळीवर आल्या, पुन्हा अडखळल्या. मला वाटलं, नेहमीचं नाटक.

लेकीला माझ्याआधी कळलं.

"बाई, आज तुमी नुसतं ऐका. मी वाचते."

अख्खा धडा वाचला तिनं. थांबत थांबत, पण एकटीनं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं वाटलं गं."

काल वैष्णवी दप्तर उचलून स्वतःहून शाळेत गेली. वर्गात उभं राहून वाचलं. घरी आल्या आल्या म्हणाली, आधी बाईंना सांगू.

फोन लावला.

बाईंच्या भावानं उचलला.

एस्तेरबाई, पोरगी शाळेत जायला लागली. तुम्ही आता निवांत झोपा.

सोनईच्या आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.