आमच्या गल्लीवर पडलेला बाँब

लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा आमच्या परसातली भिंत अर्धी पडलेली होती. त्या भगदाडातून शेजारच्या काकू पदर सावरत सरळ आमच्या स्वयंपाकघरात यायच्या. भिंत लढाईत पडली, असं घरात सांगत. ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, विमानं आली तर लपायला खंदक खणा, असा हुकूम निघाला होता. दोन्ही घरच्या पुरुषांनी उत्साहाच्या भरात तो भिंतीच्या पायालाच खणला. विमान काही आलं नाही. भिंत मात्र भर दुपारी खंदकात बसली आणि काकूंचे वाळत घातलेले पापड तिच्याखाली गेले. पाया कोणी उकरला यावर दोन्ही घरांचं एकमत होईना, म्हणून ती तशीच राहिली.

मध्यभारत राज्याची राजधानी तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळ्यात इंदूरला येई. फायलींबरोबर कारकुनांची बिऱ्हाडंही येत. तसं एक आमच्या वरच्या खोल्यांत उतरलं. बाई स्वभावाने चांगल्या, पण त्यांचं प्रत्येक वाक्य "आमच्या ग्वाल्हेरला" असं सुरू व्हायचं. आमच्या ग्वाल्हेरला किल्ला केवढा, आमच्या ग्वाल्हेरला तिळाची गजक कशी खुसखुशीत! सासूबाई पक्क्या इंदुरी. किती दिवस ऐकून घेणार?

"ते ठीक आहे हो," एकदा चूल फुंकता फुंकता त्या म्हणाल्या, "पण तुमच्या ग्वाल्हेरवर कधी बाँब पडलाय का?"

सासूबाईंनी फुंकणी परसाकडे रोखली. "आमच्यावर पडला. ती भिंत बघा."

मी घाईघाईने तोंडाला पदर लावला. भगदाडात नेमक्या काकू उभ्या होत्या. त्या कशाला मागे राहतील!

"आमच्या ह्यांचे कान त्यातच गेले," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या. काका बहिरे होते खरे, पण ते लग्नात बोहल्यावर उभे राहिले तेव्हापासून.

बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून काकांना रोज बेसनाचा लाडू पोचू लागला. कशाबद्दल, हे विचारणाऱ्यांतले काका नव्हते. सासूबाईंना मात्र ते झोंबलं. "बाँब माझा आणि लाडू त्यांना!"

मग एका सकाळी बाई काकांच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी भगदाडाशीच होते. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बाई ओरडल्या, "काका, बाँब पडला तेव्हा फार भीती वाटली का हो?"

"आंबा?" काका खूश झाले. "अहो, भीती काहेकी? रोज टपकतात! नमक लावून खातो आम्ही."

बाई गोंधळल्या. "मग ही भिंत?"

हा एक शब्द काकांना नेहमी स्वच्छ ऐकू येई. "तुमच्या घरमालकाने पाडली! पायाशी खंदक खणला. मी ओरडत होतो. आमचे सगळे पापड गेले!"

बाई उठल्या आणि भगदाडातून थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. आता जुंपणार, असं मला वाटलं. पण त्या पाटावर बसून हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डोळे पुसता पुसता त्यांनी सांगितलं, की त्यांचा भाऊ रंगूनला नोकरीला होता. तिथे खरेच बाँब पडले. त्याची गल्ली जळाली, शेजारपाजार गेला, तो मजल दरमजल करत, चालत कसाबसा परत आला.

"अजून ताट पडलं तरी खाटेखाली शिरतो हो. काकांकडे बघून त्याची आठवण यायची. बरं झालं, इथे नुसते पापडच गेले."

चुकलं म्हणणं सासूबाईंच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी फडताळातली कैरीच्या लोणच्याची भरलेली बरणी काढून बाईंपुढे ठेवली.

"भावाला पाठवा. असं ग्वाल्हेरला मिळायचं नाही."

"मिळतं," बरणी पदराखाली घेत बाई म्हणाल्या, "पण पाठवते."