आयरिश प्रश्नोत्तरं आणि एक कॅसेट

समोरच्याला जी वाचता येत नाही अशा भाषेतल्या कागदावर तुम्ही कधी त्याची सही घेतली आहे का? बँकेत, कचेरीत, हॉस्पिटलात, घरातल्याच एखाद्या वाटणीच्या वेळी? लगेच नाही म्हणू नका. मीही बरेच दिवस नाही म्हणत होतो.

माझे वडील तालुक्याच्या गावी एका छापखान्यात कंपोझिटर होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, धरणात गेलेल्या गावांची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकलो. वडिलांचा एकच नियम होता. पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचं नाव नसेल तर ते जुळवायचं नाही. "नाव घालायला भितो त्याच्या मजकुरासाठी मी माझे डोळे का फोडू?" असं म्हणायचे. त्या पत्रकांतली वाक्यं डोक्यात घेऊन मी विशीत बहारीनला गेलो. ऐंशीची सालं होती. सौदीकडे जाणारा समुद्रावरचा पूल नवाच होता.

बहारीनच्या राजधानीत, मनाम्यात, नईम भागातल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. एक चाचा, दापोलीकडचे, बाजारात कापडाच्या दुकानात विक्रीला उभे राहणारे. एक दादा, गुहागरकडचा, माझ्याच यार्डात रिगर. म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधणारा. आणि मी, यार्डाच्या ऑफिसात टायपिस्ट. यार्ड म्हणजे लोखंडी मालाचं उघडं आवार, गावाबाहेर अस्करच्या वाटेवर, एका छोट्या ठेकेदाराचं. मी खोलीत येताजाता अन्याय, हक्क असं बोलायचो म्हणून दोघं मला पुढारी म्हणायचे.

"पुढारी, आज डाळ कुणी करपवली? चौकशी समिती नेमा," चाचा म्हणायचे.

"करपवलन् यानंच," दादा म्हणायचा. "पण कबूल करणार न्हाय. भाषण करंल."

ऑफिसात मोजमापं तपासणारा एक आयरिश साहेब होता. यार्डातले सगळे त्याला इंग्रज म्हणायचे आणि तो प्रत्येकाला थांबवून चूक दुरुस्त करायचा. त्याची बहीण त्याला गावाकडचे पेपर गुंडाळी करून पाठवायची, तीन-चार आठवडे शिळे. वाचून झाले की तो ते माझ्या टेबलावर टाकायचा. त्यांत त्यांच्या संसदेतल्या प्रश्नोत्तरांचं पान असायचं. मी ते आधी उघडायचो.

त्यांची काही आयरिश माणसं शेजारच्या इंग्रजांच्या तुरुंगात वर्षानुवर्षं पडून होती. त्यांनी सह्या केलेल्या कबुलीजबाबांवर त्यांना शिक्षा झाली होती आणि ते जबाब मारून घेतलेत असं त्यांचं म्हणणं होतं. एखादा सभासद उठून मंत्र्याला विचारायचा, तुमचा या कबुल्यांवर विश्वास आहे का? मंत्री सांगायचा, तो दुसऱ्या देशाच्या न्यायालयाचा प्रश्न आहे, आमची चिंता आम्ही कळवली आहे. पुढच्या अंकात पुन्हा तेच. मी लाल पेन्सिलीने रेघा मारायचो. एकदा साहेबाला विचारलं, उत्तर मिळत नसताना हे विचारतात कशाला?

तो म्हणाला, उत्तर देत नाहीत तेही छापलं जातं. विचारणाऱ्याच्या नावासकट आणि न सांगणाऱ्याच्या नावासकट. नंतर कुणाला म्हणता येत नाही की कुणी विचारलंच नव्हतं.

मला ते इतकं आवडलं की खोलीवर जाऊन दोघांना भाषांतर करून सांगितलं. दादा भात ढवळत होता. "मंजे सही केलानी नि फसली?" एवढंच त्यानं विचारलं.

त्या हिवाळ्यात एका मंगळवारी यार्डात लोखंडी नळ्यांचा गठ्ठा वर उचलताना त्याला बांधलेला पट्टा तुटला. खाली दादाचा मेहुणा उभा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दादानंच त्याला दीड वर्षापूर्वी व्हिसा मिळवून आणला होता. तो जागीच गेला. मी ऑफिसच्या खिडकीतून धूळ पाहिली. क्रेनचं इंजिन तसंच चालू होतं, हे मला आठवतं. बाकी आठवायला जातो तर हाती लागत नाही.

शुक्रवारी सुट्टी. चाचा त्या दिवशी दुपारच्या विमानानं लीव्हवर निघणार होते. गावी निरोप पाठवायचा म्हणजे तेव्हा कॅसेट भरायची. पत्रं फार थोडे जण लिहायचे. टेपरेकॉर्डरपुढे बसायचं, अर्धा तास बोलायचं, जाणाऱ्याच्या बॅगेत कॅसेट द्यायची. गावात ज्याच्या घरी टेप असेल तिथे जाऊन बायको ऐकायची, मग त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून येणाऱ्याबरोबर परत पाठवायची. नवी कॅसेट कोण आणणार? एकच कॅसेट वर्षानुवर्षं समुद्र ओलांडत राहायची आणि प्रत्येक वेळी आधीचं बोलणं पुसलं जायचं. कुणी भरायला बसलं की बाकीच्यांनी खोलीबाहेर जायचं, हा आमचा रिवाज होता.

दादा बसला. मी बाहेर पायरीवर आयरिश पेपर घेऊन बसलो. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मी पेपरातल्या कबुल्यांवर रेघा मारत होतो.

शनिवारी सकाळी फोरमननं दादाच्या नावानं मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. पट्टा तपासणं माझं काम होतं, मी तो तपासला नाही, चूक माझी एकट्याची आहे. इंग्रजीत, तीन परिच्छेद, कार्बन लावून दोन प्रती. सवयीनं मी खाली डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं घातली, टायपिस्टनं घालायची असतात तशी. मग दादाला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, याला तुझ्या भाषेत समजाव, इन्शुरन्सचा कागद आहे, लवकर झालं तर बॉडी लवकर जाईल.

दादाचे डोळे सुजलेले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काय लिवलाय?"

"फॉर्मॅलिटी आहे दादा. सही झाली की त्याला घरी पाठवतील."

"बघितलास ना तू?"

"टाइप मीच केलंय."

त्यानं दोन्ही प्रतींवर मराठीत सही केली, सावकाश, शाळेत शिकवल्यासारखी. मला मारलं नव्हतं. धमकावलंही नव्हतं. माझी खुर्ची, माझा व्हिसा, एवढंच होतं. आणि तेही त्या क्षणी मनात आलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मनात काहीच नव्हतं. मी कागद पंच केला आणि फाइलला लावला.

त्या कागदाची एक प्रत बॉडीबरोबरच्या कागदांत गावी गेली. तिथल्या मास्तरांनी ती घरच्यांना मराठीत सांगितली. इकडे तीन आठवड्यांनी दादाचा व्हिसा कॅन्सल झाला. निघताना तो माझ्याशी नीट बोलला. आपला टिफिनचा डबा मला देऊन गेला.

मी एकदाच आयरिश साहेबाकडे गेलो. सगळं सांगितलं. तो मोजपट्टी गुंडाळत म्हणाला, हे माझं खातं नाही. असली उत्तरं मी कुठे वाचली होती ते मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असावं, कारण त्यानं वर पाहिलं नाही. पेपर मात्र तो टाकत राहिला. मी ते घडी न उघडता कपाटाखाली सारायचो.

दोन महिन्यांनी चाचा परतले. बॅगेतून कॅसेट काढली.

"तो कुठाय?"

"गावी गेला. खलास. व्हिसा कॅन्सल केला त्याचा."

"या अल्ला. आणि ही त्याच्या बायकोनं दिली मला, मी पोहोचलो त्याच्या आठच दिवसांनी. बॉडी आणि कागद तेव्हा आलेच होते. मग मी दापोलीला निघून गेलो, पुढचं मला ठाऊक नाही." ते कॉटवर बसले. "तिनं त्याची कॅसेट ऐकली नाही रे. टेप शेजाऱ्यांकडे, सगळी वाडी जमायची ऐकायला. ती म्हणाली, मला त्यांचा आवाज नको. माणसं बाहेर काढलीन्, दार लावलंन्, आणि वरून आपलंच भरलंन्."

मग चाचाच म्हणाले, लाव. आता ती त्याच्याकडे तर पोहोचायची नाही.

दुपार होती. मी कॅसेट मागे नेऊन लावली. आधी एक कोंबडं आरवलं. मग तिचा आवाज, सपाट. "तुमची सही दाखवलानी मला. माझ्या भावाला तुमी नेलात. मी बाबांकडं जाते. पोरं घेऊन जाते. ठेवते." आणि खट्ट.

मी बंद करायला हात पुढे केला. त्याआधीच दादाचा आवाज सुरू झाला, वाक्याच्या मधूनच.

"...सोमवारी पण सांगितला नि मंगळवारी सकाळी पण सांगितला, पट्टा झिजलाय, दुसरा द्या. फोरमन बोल्ला यल्ला यल्ला, चल लवकर, आजचा दिवस काढ. मी तुझ्या भावाला बाजूला हो बोल्लो होतो गो. त्यानं ऐकलान् न्हाय का मी हळू बोल्लो, त्ये मला कळत न्हाय..." मग नुसतं रडणं, टेपच्या खरखरीत. मग: "उद्या हापिसात कागद करणार हायत. मी समदं सांगणार. टायपिस्ट आपलाच हाय, शिकलेला. त्यो नीट लिवंल. तू घाबरू नको."

ती पाच वाक्यं बोलली होती, म्हणून हे उरलं होतं. आणखी थोडी बोलली असती, रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर पुसलं गेलं असतं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "नीट लिहिलंस का रे?"

मी सांगितलं. सगळं. त्यांनी मला पुढारी म्हणणं त्या दिवशी बंद केलं.

दादा गावी होता, पण त्याच्या तोंडच्या बोलण्याला आता किंमत नव्हती. सही केल्यावर कुणीही काहीही सांगेल, असं त्याला सासऱ्यानं ऐकवल्याचं गुहागरहून आलेल्या एकाकडून कळलं होतं. ही कॅसेट मात्र सहीच्या आदल्या दिवशीची होती. मी कपाटाखालचे पेपर ओढून काढले आणि त्या प्रश्नोत्तरांसारखंच मराठीत लिहायला बसलो. प्रश्न: पट्टा झिजल्याचं कुणाला सांगितलं होतं? उत्तर: फोरमनला, दोनदा. प्रश्न: सही घेताना कागद वाचून दाखवला का? उत्तर: नाही. प्रश्न: कुणी दाखवला नाही? उत्तर: मी. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव. एक इंग्रजी प्रत करून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्यानं ती परत दिली. उत्तर दिलं नाही. मी तारीख घालून तेही मराठी कागदावर लिहिलं.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन प्लॅस्टिकच्या पाकळ्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मी चाकूनं त्या तोडल्या आणि लीव्हवर निघालेल्या गुहागरच्या एका ड्रायव्हरबरोबर कॅसेट आणि मराठी कागद दादाच्या बायकोच्या हाती द्यायला दिले.

काहीच आलं नाही. महिना, दोन महिने. चाचा एकदा जेवताना म्हणाले, "बाबा, पाकळ्या तोडल्यास. आता ती बोलणार कशावर?"

हे मला सुचलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी लीव्ह मिळाली तेव्हा मी आधी तिच्या माहेरी गेलो. दादाला निरोप पाठवला होता. तो आला होता आणि अंगणाच्या कडेला, चपला न काढता उभा होता. ती पडवीत आली. हातात माझा कागद होता, घड्या झिजलेल्या. आणि दुसऱ्या हातात तो दादाच्या सहीचा इंग्रजी कागद.

"कॅसेट ऐकली मी," ती म्हणाली. "बाबांनी न्हाय ऐकली. तुमी ह्ये वाचा आता. दोनी."

मी माझा वाचला. मग इंग्रजी कागद, ओळीओळीनं, मराठीत. तिचा म्हातारा बाप भिंतीला टेकून ऐकत होता. दादा पहिल्यांदाच ऐकत होता. संपल्यावर तो म्हणाला, "येवढा लिवला व्हता काय त्यात." रागानं नाही. एखाद्या परक्या माणसाबद्दल ऐकल्यासारखं.

तिनं कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही दोन अक्षरं कुणाची?"

"माझी."

"वाचायला किती येळ लागला आता? धा मिन्टं?" ती म्हणाली. "तवाच का न्हाय वाचलात?"

मी उत्तर दिलं नाही, तेही इथे लिहून ठेवतो. म्हातारा उठून आत गेला आणि थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. तो त्यानं दादाच्या पुढे ठेवला. दादानं चपला काढल्या. मी एसटीसाठी निघालो, तेव्हा ती पोरांचे कपडे पिशवीत भरत होती.

माझं एक काम करा. तुमच्याकडे घरात जुनी आखाती कॅसेट असेल, तर 'ठेवते' नंतर ती बंद करू नका, शेवटपर्यंत चालू द्या. आणि पहिल्या ओळीतल्या प्रश्नाचं तुमचं उत्तर हो असेल, तर तो कागद शोधा, ज्याची सही घेतलीत त्याच्या घरी जा आणि त्याच्या माणसांसमोर, त्याच्या भाषेत, वरपासून खालपर्यंत वाचून दाखवा. दहा मिनिटं लागतात.