खलनायकाला मिशी तरी हवी!

मंडळी, घोर अनर्थ झाला आहे. सुपरहिरोच्या नव्या सिनेमात जुन्या खलनायकाची भूमिका एका गुळगुळीत चेहऱ्याच्या पोराला दिली आहे!

आज नायगावच्या घरी उन्हात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी खाता खाता मी ठणकावलं, "खलनायक पिकल्या वयाचाच हवा. तो दिसण्याआधी त्याची भीती खोलीत पोचली पाहिजे."

लेक म्हणाली, "मग बाबा, तुम्हीच करा ना! जिन्यात तुमच्या चाव्या वाजल्या की आम्ही टीव्ही बंद करतो."

बायको खुदकन हसली. मीही हसलो. माझं मत तसूभरही बदललेलं नाही. वाद घालायचा त्याने खुशाल घालावा.

पण परवा लेकीचा बारावीचा निकाल आहे. गुण कमी पडले तर ती मला सांगायला घाबरेल, याचीच मला धास्ती वाटते.